विचारपूस पुरे, एक तास द्या

लेख लांब आहे, चहा घेऊन बसा. शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची ही सवय असते. आधी प्रकरण मांडायचं, मग सही मागायची.

प्रकरण असं आहे. ज्या घरात मूल मोठ्या दुखण्यात सापडलंय, कॅन्सर असो, थॅलेसेमिया असो, किडनीचं नाहीतर हृदयाचं असो, त्या घरातल्या आईबापांना आपण सगळे एकच सल्ला देतो. "स्वतःकडेही बघा हं. जरा चालायला जात जा. योगा करा, मन मोकळं ठेवा." सल्ला खोटा नाही, डॉक्टरही तेच सांगतात. पण माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला द्यायचा अधिकार फक्त त्यालाच आहे, जो त्याच दमात पुढे म्हणतो, "तू जा, तासभर मी बसतो मुलापाशी." बाकीच्यांनी गप्प बसलेलं बरं.

हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेलं नाही. माझा पुतण्या आमच्याच सोसायटीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. त्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या नातवाला, सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तोच, डॉक्टर त्याला 'ए.एल.एल.' म्हणतात. आज हा आजार बऱ्याच मुलांचा पूर्ण बरा होतो, हे आधी सांगतो, म्हणजे कुणाचा जीव उगाच वरखाली व्हायला नको. पण उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले काही महिने मुंबईत मुक्काम, मग सुरत-मुंबई वाऱ्या, मग घरी रोजच्या गोळ्या, ठरलेल्या दिवशी रक्ततपासणी, ठरलेल्या दिवशी इंजेक्शन. हा काळ मी रोज डोळ्यांसमोर पाहिला.

त्या काळात घरी येणारा प्रत्येक माणूस नातवाची चौकशी करायचा. पांढऱ्या पेशी किती, केस परत आले का, खातो का. सूनबाई सगळ्यांना उत्तरं द्यायची. ती स्वतः किती झोपते, हे कुणी विचारलं नाही. ती झोपायची चार-पाच तास, तेही तुटक. मुलाला स्टेरॉइड चालू असताना रात्री दोन वाजता भूक लागायची आणि पराठाच हवा असायचा. ती उठून करायची. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचा उपवास तिने धरला होता, वर अनवाणी चालायचा नवस. श्रद्धेला माझा विरोध नाही, मीही देवापुढे हात जोडणारा माणूस आहे. पण झोप चार तास, पोटात साबुदाणा, आणि दिवसभर मुलाच्या मागे धावपळ, हा हिशेब कुठल्या देवाने मागितलाय असं मला वाटत नाही. वर्षभरात तिचं वजन वाढलं, कंबर धरली, रक्तदाब वाढला. वय तेहतीस.

तिला मी सहज म्हणालो, सकाळी कॉजवेपर्यंत चक्कर मारून ये. आमच्या कतारगामातून सिंगणपोरचा कॉजवे जवळच आहे. पावसाळ्यात तापीला पाणी वाढलं की तो बंद होतो, एरवी सकाळी तिकडे चालणाऱ्यांची गर्दी असते. ती हसली आणि म्हणाली, "काका, जाईन ना. पण याला कुणाकडे ठेवू?"

एवढाच प्रश्न आहे, मंडळी. इच्छा असते, बूट असतात, रस्ता असतो. फक्त मूल कुणाकडे ठेवायचं, याचं उत्तर नसतं. आणि ते उत्तर आईबापांकडे असूच शकत नाही, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आणि नातेवाइकांकडे असतं.

दुसरी अडचण याहून वाईट आहे, ती म्हणजे आपली जीभ. एकदा आमच्या वहिनी मुलापाशी बसल्या आणि सूनबाई खरंच अर्धा तास बाहेर पडली. संध्याकाळी ओटल्यावर शेरा आला, "पोरगं घरात असं पडलंय आणि ही ड्रेस घालून फिरायला निघाली." बोलणारी बाई वाईट नव्हती. त्याच बाईने मुलासाठी गणपतीला एकवीस नारळ वाहिले होते. पण तो शेरा सूनबाईच्या कानावर गेला आणि ती पुढे तीन आठवडे घराबाहेर पडली नाही. आजारी मुलाच्या आईने सुकलेलंच दिसलं पाहिजे, असा आपल्यात न लिहिलेला कायदा आहे. ती हसली की आपल्याला खटकतं. तिने नवी साडी नेसली की खटकतं. हा कायदा आपण रद्द केला पाहिजे.

काही जण म्हणतात, आई दिवसभर धावतेच की, आणखी व्यायाम कशाला? बापही घंटीवर बारा तास बसतो, घाम गाळतो. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. हिऱ्याच्या घंटीवर बसणाऱ्या रत्नकलाकाराला विचारा, काम आणि व्यायाम एक आहेत का. मान वाकलेली, डोळा भिंगाला, पाठ धनुष्यासारखी. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तो १९५३ साली छापून आला. बस तीच, रस्ते तेच. पण दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरना हृदयविकार जास्त, आणि जिन्यावरून वर-खाली करणाऱ्या कंडक्टरना कमी. म्हणजे दमणं वेगळं आणि शरीर हलणं वेगळं. आजारी मुलाची आई दमते खूप, पण तिची हालचाल पलंग, ओटा, बाथरूम यांच्यामधलीच. शिवाय तिचे कान सतत मुलाच्या खोलीकडे. शरीर थकतं आणि मन सुटत नाही. चालायला गेल्यावर नेमकं उलटं होतं, शरीर कामाला लागतं आणि मनाला सुट्टी मिळते.

आता थोडं शास्त्राचं. मी कॉमर्सचा माणूस, पण आकडे नीट वाचायची सवय आहे. २००४ साली अमेरिकेत एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी ५८ आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यातल्या बऱ्याच जणींची मुलं दीर्घ आजाराची होती, बाकीच्यांची निरोगी. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या टोकांना एक टोपी असते, तिला टेलोमियर म्हणतात. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिक असतं ना, तसं. वय वाढतं तशी ही टोपी झिजते. या अभ्यासात ज्या आयांना सर्वांत जास्त ताण जाणवत होता, त्यांची झीज कमी ताण असलेल्यांच्या तुलनेत किमान दहा वर्षांनी पुढे होती. आणि मुलाची शुश्रूषा जितकी वर्षं चाललेली, तितकी झीज जास्त. टेलोमियरवरच्या मूळ संशोधनासाठी ब्लॅकबर्नबाईंना २००९ साली नोबेल मिळालं. पुढे २०१० साली त्याच मंडळींच्या आणखी एका अभ्यासात दिसलं की नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये ताण आणि झीज यांचा हा संबंध दिसत नाही, न करणाऱ्यांमध्ये दिसतो. दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यावरून कुणी छातीठोक दावा करू नये. पण दिशा कळते. "या दुखण्यात ती दहा वर्षांनी म्हातारी झाली" असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते अगदीच बोलाफुलाचं नव्हतं.

आणि किती व्यायाम लागतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं प्रमाण आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचालीचं आहे, म्हणजे भरभर चालणं वगैरे. सातने भागा, दिवसाला बावीस मिनिटंही होत नाहीत. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत असं सांगायचे, ती अट त्यांनी आता काढून टाकली आहे. पाच मिनिटं जिने चढलात तरी जमेला. म्हणजे महिन्याचे पैसे भरून जिमला जायची गरज नाही. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये मूल झोपलेलं असताना दहा फेऱ्या, घरी चार सूर्यनमस्कार, संध्याकाळी बागेत एक चक्कर, एवढं जमलं तरी पुष्कळ. पण एवढ्यासाठीही दारात दुसरा माणूस उभा लागतो.

इथे मला माझी बँक आठवते. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या कधीही एकाकडे नसतात. जॉइंट कस्टडी असते, दोन अधिकारी, दोन किल्ल्या. एकटा माणूस कितीही प्रामाणिक असो, तिजोरी त्याच्या एकट्याच्या भरवशावर नाही. कॅशियर आजारी पडला की रिलीव्हर येतो, चार्ज घेतो, सही होते, मग पहिला माणूस निघतो. त्यातही रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग दहा कामाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवायचं. तो नियम मुख्यतः गैरव्यवहार उघडकीला यावेत म्हणून आहे, हे मला माहीत आहे. पण त्याचा दुसरा फायदा आम्ही सगळ्यांनी अनुभवला आहे. दहा दिवस तुमच्याशिवाय शाखा चालते, हे तुम्हालाही कळतं आणि शाखेलाही कळतं.

आता बघा, नोटांच्या बंडलांसाठी आपण एवढी व्यवस्था केली. आणि आजारी मूल? ते एकट्या आईच्या कस्टडीत. तिला ना रिलीव्हर, ना रजा. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या स्त्रियांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळते, ही चांगली सोय आहे. पण आपल्या सुरतेत कापड मार्केटमध्ये, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, हिऱ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या आईबापाला ती कोण देणार? तिथे हजेरी पडली तर पगार. त्यामुळे रिलीव्हर आपल्यातूनच उभा करावा लागेल.

तुम्ही म्हणाल, काका, आपली माणसं मदत करतात की. करतात, नाही कोण म्हणतं? २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला, अर्ध्याहून जास्त सुरत पाण्यात होती. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यांनी खालच्या मजल्यांना चार दिवस जेवू घातलं. मराठी, सौराष्ट्राचे पटेल, ओडिया, कुणी जात विचारली नाही. दुधाची पिशवी दोरीने खाली सोडली जायची, पोरं गच्चीत झोपायची. १९९४ च्या प्लेगमध्ये शहर रिकामं होत असताना मागे थांबून शेजाऱ्यांची दारं ठोठावणारी माणसंही मी पाहिली आहेत. चार दिवसांच्या संकटाला आपल्यासारखी माणसं नाहीत. पण अडीच वर्षांच्या संकटाचं काय? पहिल्या महिन्यात सूनबाईच्या घरी डबे इतके यायचे की फ्रिजमध्ये जागा नसायची. सहाव्या महिन्यात एकही डबा नाही. कुणी दुष्ट झालं नव्हतं, लोकांना फक्त वाटलं की आता त्यांचं बसलंय. थॅलेसेमियाच्या घरात तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. तिथे "आता बसलंय" असं कधीच नसतं.

पूर्वी हे आपोआप व्हायचं. माझं लहानपण अमळनेरला वाड्यात गेलं. तिथे आजारी मुलाला चार मांड्या होत्या, आजीची, काकूची, आत्याची, शेजारच्या मावशीची. मी १९७८ साली सुरतला बदलून आलो तेव्हा कतारगामला पापडीची शेतं होती. हिवाळ्यात उंधियूसाठी कतारगामची पापडी आजही लोक नावाने मागतात, शेतं मात्र इमारतींखाली गेली. त्या इमारतींत आपण सुखाने राहतो, पण दार लावून राहतो. वाडा परत येणार नाही आणि त्याच्यासाठी रडण्यातही अर्थ नाही, कारण वाड्यात भांडणंही पुष्कळ होती. पण मांडी परत आणता येते. त्यासाठी एक वही आणि एक पेन पुरतं.

आम्ही काय केलं ते सांगतो, उपयोग होईल म्हणून. माझ्या हिने आणि मी मिळून वहीत आठवड्याचं कोष्टक केलं. सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते आठ. दोन दिवस आम्ही दोघं, एक दिवस वहिनी, एक दिवस समोरच्या सौराष्ट्रातल्या मासीबा, एक दिवस दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, एक दिवस तिचा भाऊ, जो उधन्याहून यायचा. रविवारी नवरा घरी. सूनबाईला सांगितलं, या तासात तू स्वयंपाक करायचा नाही, औषधं आणायला जायचं नाही, बँकेचं काम करायचं नाही. चाल, नाहीतर झोप, नाहीतर बागेत बाकावर बसून राहा. पहिले आठ दिवस ती दहा मिनिटांत परत यायची आणि दारातूनच विचारायची, "ताप नाही ना?" नंतर वीस मिनिटं, नंतर पूर्ण तास.

बसणाऱ्यासाठी आम्ही नियम केले आणि कपाटाच्या दाराला चिकटवले. ते इथे देतो.

एक. स्वतःला सर्दी, खोकला, ताप असेल, घरात कुणाला कांजिण्या झाल्या असतील तर यायचं नाही. त्या दिवशी फोन करून दुसऱ्याला पाठवायचं. केमोच्या मुलाची प्रतिकारशक्ती खाली असते, आपली साधी सर्दी त्याला दवाखान्यात नेते.

दोन. आल्या आल्या साबणाने हात धुवायचे. पापा घ्यायचा नाही.

तीन. मूल गरम लागलं तर थर्मामीटर लावायचा. केमो चालू असलेल्या मुलाला सहसा १००.४ फॅरनहाइटच्या पुढचा ताप म्हणजे लगेच डॉक्टरांना फोन आणि दवाखाना. तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही. डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचा.

चार. बाहेरचं काही खायला आणायचं नाही, प्रसादसुद्धा नाही. आईने ठेवलंय तेच द्यायचं.

पाच. मुलासमोर आजाराची चर्चा नाही, कुणाचं काय झालं याच्या गोष्टी तर मुळीच नाहीत. पत्ते, कॅरम, गोष्टीची पुस्तकं. मूल चिडचिड करेल, औषधाने होतं, मनावर घ्यायचं नाही.

सहा. आई परत आली की "सगळं ठीक" एवढंच सांगायचं आणि निघायचं. चहाला थांबायचं नाही. चहाला थांबलात की तिचा तास तुमच्या सरबराईत गेला.

हा सहावा नियम पाळायला सगळ्यांत अवघड गेला, हे प्रामाणिकपणे सांगतो. आपल्याला चहाशिवाय निघता येत नाही.

फरक काय पडला? चमत्कार झाला नाही. मुलाच्या रिपोर्टवर आईच्या चालण्याचा परिणाम होतो असं मी म्हणणार नाही, ते काम औषधांनी केलं. पण चार महिन्यांनी सूनबाईची झोप सुधारली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी चालूच ठेवली, पण आकडा आवाक्यात आला. ती पुन्हा भाजीवाल्याशी भाव करायला लागली, नवऱ्याशी भांडायला लागली. त्याआधी ती भांडतही नव्हती, ते मला जास्त भीतीचं वाटत होतं. आणि औषधांचं कोष्टक, पुढच्या तारखा, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, हे सगळं ती डोकं शांत ठेवून करू लागली. दोन-अडीच वर्षं जिच्या हातून रोज गोळ्या मोजून दिल्या जाणार आहेत, तिचं डोकं ताजं असणं ही चैन नाही, ती उपचाराचीच एक बाजू आहे.

बापाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्याच्याबद्दल कुणीच लिहीत नाही. आई निदान रडते. आपला मराठी बाप खर्चाचा हिशेब करतो आणि गप्प बसतो. माझ्या पुतण्याला समोर बसवून "कसा आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "मजेत." मग मी आणि आमचे एक शेजारी रात्री जेवणानंतर त्याला बरोबर घेऊन गजेरा सर्कलच्या बाजूने चालायला लागलो. पहिले पंधरा दिवस क्रिकेट आणि हिऱ्याची मंदी. सोळाव्या दिवशी चालता चालता, आमच्याकडे न बघता तो म्हणाला, "काका, मला रात्री छातीत धडधडतं, हिला सांगू नका." माझा अनुभव सांगतो. पुरुष समोरासमोर बोलत नाही, शेजारी शेजारी चालताना बोलतो. नजर रस्त्यावर असली की जीभ सुटते. त्याला आम्ही डॉक्टरांकडे नेलं. हृदय ठणठणीत होतं, धडधड काळजीची होती. तेवढं कळल्यानेच त्याचं निम्मं ओझं उतरलं.

आता मर्यादाही सांगतो, नाहीतर व्यायाम म्हणजे रामबाण असं कुणी समजेल. सलग दोन आठवडे मन उदास, जेवण नको, झोप नको, किंवा जगण्यात राम नाही असं कुणी बोलून दाखवलं, तर त्याला "चालून ये, बरं वाटेल" म्हणणं हा अपराध आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञच लागतो. त्यात लाज कसली? साखर वाढली की आपण डॉक्टरांकडे जातोच ना. केंद्र सरकारची टेलिमानस नावाची मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, केव्हाही लावा, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा, स्वतःसाठी नाही तर दुसऱ्यासाठी.

आणि ज्यांना मुंबईला जावं लागतं त्यांच्यासाठी. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून देशभरातल्या रुग्णांना बघतंय. तिथे बाहेरगावहून आलेल्या आईबापांचे हाल काय होतात, ते तिथल्या फुटपाथवर नजर टाकली की कळतं. रुग्णाबरोबर आलेल्यालाही टेकायला जागा लागते हे आपल्याकडे गाडगेबाबांनी फार आधी ओळखलं होतं. त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या फक्त यात्रेकरूंसाठी नाही, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही. अलीकडे, २००६ साली, मुंबईतच सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स हे काम सुरू झालं. कॅन्सरच्या उपचारासाठी लहान मुलाला घेऊन आलेल्या कुटुंबाला तिथे मोफत राहता येतं, कुटुंबाला स्वतंत्र जागा, स्वयंपाकाला सामायिक ओटा, आणि समुपदेशनही. मला त्यातला सामायिक ओटा महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या शेगडीवर भाकरी टाकणारी बाई त्याच दुखण्यातून चाललेली असते. तिला काही समजावून सांगावं लागत नाही. "तू अंघोळ करून ये, मी बघते याच्याकडे," हे वाक्य तिथे विनासायास निघतं.

आपल्या कतारगामातही आता सुमुल डेअरीच्या जवळ किरण हॉस्पिटलसारखं मोठं रुग्णालय आहे, २०१७ साली सुरू झालं. म्हणजे मोठं दुखणं घेऊन आलेली कुटुंबं आपल्या दारात येणार, काही आपल्या ओळखीची, काही धुळे, नंदुरबार, जळगावकडची, जी कुणाच्या तरी चिठ्ठीवर आपल्याकडे दोन रात्री टेकतील. त्यांना भाकरी देणं आपल्याला जमतं. तासही द्यायला शिकू या.

माझ्यासारखे निवृत्त लोक या लेखाच्या वाचकांत बरेच आहेत, म्हणून सरळ बोलतो. आपल्याकडे पेन्शन आहे, गुडघे दुखत असले तरी डोकं शाबूत आहे, आणि वेळ तर इतका आहे की आपण दिवसाला दोनशे 'शुभ सकाळ' पुढे ढकलतो. आजारी मुलाशेजारी बसून पत्ते खेळायला गुडघे लागत नाहीत. आणि एक स्वार्थही सांगतो. सत्तरीनंतर माणसाला सगळ्यांत जास्त खुपतं ते आपली कुणाला गरज नाही हे. ज्या दोन सकाळी माझी पाळी असायची, त्या दोन दिवशी मी साडेसहालाच दाढी करून तयार असायचो. एवढा वक्तशीर मी नोकरीतही नव्हतो, असं आमची ही म्हणते.

नातवाचे उपचार गेल्या वर्षी पूर्ण झाले. आता ठराविक काळाने तपासण्या असतात. तपासणीच्या आदल्या रात्री अजूनही त्या घरात कुणी झोपत नाही, ते बहुधा बरीच वर्षं चालेल. सूनबाई अजून सकाळी चालायला जाते. वही मात्र रिकामी ठेवायची नाही असं आम्ही ठरवलं आहे. आमच्या मागच्या गल्लीत एक गुजराती कुटुंब आहे, त्यांच्या मुलीला थॅलेसेमिया आहे. रक्त चढवायच्या दिवशी तिची आई सकाळी आठ ते दुपारी चार दवाखान्यात एकटी बसते आणि घरी धाकटा मुलगा शेजाऱ्यांच्या जिवावर. तिथे आता मासीबा आणि सूनबाई आळीपाळीने जातात.

तर मंडळी, सही मागतो. आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात असं एक तरी घर असेल. आज त्यांना फोन करा, पण "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका. ते वाक्य ऐकून कुणी काही सांगत नाही. असं म्हणा: "मी मंगळवारी सकाळी सात वाजता येतोय. आठपर्यंत बसतो. तुम्ही दोघं बाहेर जा." वार सांगा, वेळ सांगा, आणि त्या वेळेला हजर राहा. आणि ती आई खाली उतरताना दिसली, केस विंचरलेले, पायात बूट, तर ओटल्यावरून कुणी काही बोलायच्या आत तुम्हीच मोठ्याने म्हणा, "जा बाई, बिनघोर जा."